चित्राचे खरे माप

परंड्याच्या बाजारपेठेत दुकान उघडले की व्यापारी सर्वप्रथम काट्याकडे पाहतो. पारडे रिकामे असताना काटा शून्यावर उभा आहे ना, एवढीच ती नजर असते. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर असतोच, तरीही ही सवय सुटत नाही. कारण मापात चूक राहिली तर दिवसभराचा व्यवहारच खोटा ठरतो, मग ती चूक कोणाच्याही पथ्यावर पडो.

दुकानातील ही दक्षता घराच्या दिवाणखान्यात मात्र विसरली जाते. भिंतीवरील रुंद दूरचित्रवाणी संचावर संध्याकाळी जे चित्र उमटते, ते कित्येक घरांत रुंदीला एक तृतीयांशाने फुगलेले असते. माणसे ठेंगणी व जाड दिसतात, घड्याळाची तबकडी अंड्यासारखी होते, बाजारभावाची पट्टी पडद्याच्या खाली निम्मी लपते. दर महिन्याला एचडी वाहिन्यांचे पैसे भरले जातात आणि चित्र मात्र साध्या वाहिनीइतकेच धूसर राहते. अशा वेळी दोष संचाला किंवा केबलचालकाला दिला जातो. खरे कारण बहुधा सेटटॉप बॉक्सच्या यादीतील दोन ओळींत असते: एक ओळ चित्राच्या आकाराची, दुसरी रिझोल्यूशनची. या दोन ओळी समजून घेतल्या तर पाव तासाच्या कामात घरातील चित्र मापात येते.

चौकट रुंद कशी झाली

जुन्या संचाचा पडदा चार भाग रुंद व तीन भाग उंच असे. हे ४:३ प्रमाण दूरचित्रवाणीने चित्रपटाकडून उचलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फितीवर जी चौकट बसवली, तिचेच हे प्रमाण. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र आले, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी चित्र रंगीत झाले. चौकट मात्र तीच राहिली. १९८७ साली सुरू झालेले ‘रामायण’ आणि १९८८ साली सुरू झालेले ‘महाभारत’ याच चौकटीसाठी चित्रित झाले.

चित्रपटाने दरम्यान दुसरी वाट धरली होती. दूरचित्रवाणीमुळे प्रेक्षक घरी बसू लागला, तेव्हा १९५० च्या दशकात चित्रपटांचा पडदा रुंद झाला. गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. या पद्धतीत चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असते. पुढे १९८० च्या दशकात एचडीची मानके ठरू लागली तेव्हा जुन्या चौकटीला आणि रुंद चित्रपटाला दोघांनाही सामावून घेईल असे मधले प्रमाण शोधण्यात आले. ते म्हणजे १६:९. चार तृतीयांशाचा वर्ग केला की नेमके सोळा नवमांश येतात, ही गंमत हिशेबी वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. त्यामुळेच १६:९ च्या पडद्यावर जुने ४:३ चित्र खऱ्या मापाने दाखवले तर डावी-उजवीकडे मिळून पडद्याचा पाव भाग काळा राहतो, आणि सिनेमास्कोप चित्रपट दाखवला तर वर-खाली मिळून जवळपास तेवढाच.

या काळ्या पट्ट्याच सगळ्या गैरसमजाचे मूळ आहेत. पैसे पूर्ण पडद्याचे मोजले, मग पाव पडदा रिकामा का, असे गृहस्थाला वाटते. तो रिमोट घेऊन चित्र ताणतो, पडदा भरतो, आणि माप बिघडते.

जुन्या पेटीची खूण नव्या संचावर

परंड्यासारख्या गावांत ही चूक घरोघर कशी शिरली, यालाही एक क्रम आहे. केबल जाळ्यांच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने सक्तीचे ठरले. पहिला टप्पा २०१२ मध्ये मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांचा होता. दुसऱ्यात सोलापूर, पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर ही शहरे होती व त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. परंड्यासारखी नगरपरिषदेची गावे तिसऱ्या टप्प्यात मोडत होती. त्यांची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती. ती लांबत २०१७ पर्यंत गेली.

पेटी घरात आली त्या वेळी अनेक दिवाणखान्यांत अजून जाडजूड काचेचा एकवीस इंची संच होता. जोडणीस आलेल्या माणसाने पिवळी-लाल-पांढरी वायर लावली आणि बॉक्समध्ये ४:३ हा आकार निवडला. त्या संचासाठी ते अगदी योग्य होते. पुढे एखाद्या दिवाळीला किंवा लग्नकार्यात बार्शी-सोलापुराहून सपाट संच आला, भिंतीवर चढला, आणि जुनी वायर जशीच्या तशी त्याच्या पाठीत खोचली गेली. संच बदलला, बॉक्सची समजूत मात्र तीच राहिली. आपल्यासमोर एकवीस इंची चौकोनी पडदाच आहे असे समजून तो आजही चित्र पाठवतो आणि रुंद संच ते ओढून पडदाभर करतो.

मराठी प्रेक्षकापुढे एचडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने २०१६ पासून उभा राहिला. त्या वर्षी स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या सुरू झाल्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती लागू झाली. तिच्यात ग्राहकाने वाहिन्या स्वतः निवडावयाच्या होत्या, आणि जाळ्याच्या शुल्कासाठी एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांच्या बरोबरीची धरली जात होती. या नियमांत नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या. तरी एचडीचा दर निराळा असतो ही गोष्ट कायम आहे. जी वस्तू निराळ्या दराने घेतली ती पूर्ण मापाने घरात पोहोचते की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ठिपक्यांचा हिशेब

रिझोल्यूशन म्हणजे चित्र किती ठिपक्यांचे बनले आहे याची मोजणी. भारतातील साध्या वाहिनीचे चित्र ७२० ठिपके रुंद व ५७६ रेषा उंच, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. ७२० रेषांच्या एचडी चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे सुमारे ९ लाख २२ हजार ठिपके येतात. १०८० रेषांच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. साध्या चित्राच्या हे बरोबर पाचपट झाले.

आता बॉक्सचे रिझोल्यूशन ५७६ वर अडकले असेल, किंवा पिवळी-लाल-पांढरी वायर लावलेली असेल, तर या पाच पोत्यांपैकी चार पोती बॉक्समध्येच राहतात. ती वायर एचडी चित्र वाहूच शकत नाही. एचडीसाठी बॉक्स एचडीचा हवा आणि त्यातून संचाकडे एचडीएमआयची चपटी, रुंद टोकाची वायर गेलेली हवी. ज्या बॉक्सला एचडीएमआयचे तोंडच नाही तो साधा बॉक्स होय. त्यावर एचडी वाहिन्या दिसणार नाहीत.

आकड्यांच्या मागे ‘आय’ आणि ‘पी’ ही अक्षरे दिसतात. ‘आय’ असेल तर चित्र एकाआड एक रेषांनी पाठवले जाते: आधी विषम रेषा, मग सम. ‘पी’ असेल तर सर्व रेषा एकाच वेळी येतात. भारतातील एचडी वाहिन्या प्रामुख्याने १०८०आय या पद्धतीने येतात. सेकंदाला ५० वेळा, दर वेळी ५४० रेषा. म्हणून फुल एचडी संचासाठी बॉक्सवर १०८०आय ही निवड सरळ व सुरक्षित आहे. रेषा जुळवण्याचे काम मग संच करतो. बॉक्समध्ये १०८०पी असेल तर ते काम बॉक्स करतो. दोन्हींपैकी कोणाचे काम सरस आहे हे क्रिकेटच्या सामन्यात चेंडू सीमेकडे धावताना पाहून ठरवावे; ज्यात कडा दातेरी दिसत नाहीत ती निवड ठेवावी.

लहान संचांवर ‘एचडी रेडी’ अशी चिठ्ठी असते. त्यांच्या पडद्यावर बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात. ते १०८० चे चित्र स्वीकारतात आणि स्वतःच्या मापात बसवून दाखवतात. अशा संचावर ७२०पी आणि १०८०आय दोन्ही लावून पाहावे. फरक दिसला तर चांगले ते ठेवावे, न दिसला तर काळजी करू नये.

आणखी एक आकडा ५० व ६० हर्ट्झचा. भारतातील प्रक्षेपण ५० चे आहे. बॉक्स ६० वर गेला की हलते चित्र मधूनमधून ठेचकाळते. म्हणून ५० च ठेवावे.

आकार ठरवण्याचा क्रम

चित्राचा आकार दोन ठिकाणी बदलता येतो, बॉक्समध्ये व संचात. दोघांनीही आपापली दुरुस्ती केली की चित्र दुहेरी बिघडते. म्हणून एकाला स्थिर करून दुसऱ्याला कामाला लावावे.

प्रथम संचाच्या रिमोटवरून चित्राचा आकार १६:९ करावा. अनेक संचांत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाची निवड असते. ती असल्यास तीच घ्यावी. काचेच्या जुन्या संचांत पडद्याच्या कडेचे चित्र वाकडे दिसे, म्हणून कडा थोड्या कापून दाखवण्याची रीत पडली. सपाट संचाला तिची गरज नाही, तरी कित्येक संच सवयीने कडा कापतात. बाजारभावाची पट्टी खाली अर्धवट दिसण्याचे हे एक कारण आहे.

नंतर बॉक्सच्या यादीत जावे. सेटिंग्ज, मग डिस्प्ले, व्हिडिओ किंवा टीव्ही अशा नावाखाली दोन ओळी सापडतात. टीव्हीचा प्रकार १६:९ करावा. रिझोल्यूशन वर सांगितल्याप्रमाणे निवडावे. जुने चित्र कसे दाखवावे अशी तिसरी ओळ असल्यास ‘पिलरबॉक्स’, ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ घ्यावे. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ घेऊ नये. काही बॉक्स वाहिनी जशी येते तशीच संचाकडे पाठवतात. त्यात वाहिनी बदलताना पडदा क्षणभर काळा होतो; तो बिघाड नव्हे.

‘झूम’ ही निवड विचार करून वापरावी. ४:३ चित्र झूम केले तर माणसे जाड होत नाहीत, परंतु वरून व खालून मिळून उंचीचा पाव भाग कापला जातो. वरचे डोके जाते आणि खालची भावांची पट्टी नाहीशी होते. व्यापारी घराला ही पट्टी चित्राइतकीच मोलाची असते.

एका प्रसंगी मात्र झूम हेच बरोबर उत्तर असते. काही साध्या वाहिन्या रुंद चित्र जुन्या चौकटीत बसवून, वर-खाली काळ्या पट्ट्या जोडून पाठवतात. बॉक्स त्याला डावी-उजवीकडच्या पट्ट्या जोडतो. मग चित्र चारही बाजूंनी आक्रसून पडद्याच्या मध्यभागी टपाल तिकिटासारखे बसते आणि पडद्याचा जेमतेम ५६ टक्के भाग वापरला जातो. येथे झूम केल्याने केवळ काळा भाग कापला जातो, चित्रातील काहीच जात नाही. उलट, आज पुष्कळ साध्या वाहिन्या रुंद चित्र आवळून पाठवतात. ते पडदाभर पसरवले की मूळ मापात येते. म्हणून साधी वाहिनी म्हणजे ४:३ असा सरसकट नियम धरता येत नाही. प्रत्येक चित्राची कसोटी घ्यावी लागते.

गोल वस्तूची कसोटी

ही कसोटी सोपी आहे. पडद्यावर समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधावी आणि मोजपट्टीने तिची रुंदी व उंची मोजावी. दोन्ही सारखी आली तर चित्र खरे. नाणे, घड्याळ, गाडीचे चाक, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात दिसणारे तिरंग्यातील अशोकचक्र, यांपैकी काहीही चालेल. रुंदी उंचीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त आली तर जुने चित्र ताणले गेले आहे. रुंदी एक चतुर्थांशाने कमी आली तर रुंद चित्र आवळले गेले आहे.

परंड्याच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण देता येईल. विजापूरच्या बुरुजावरील मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली आणि विजापूरला जाण्यापूर्वी ती परंड्याच्या भुईकोटात होती. तिच्या नळीचे तोंड सुमारे सव्वादोन फूट व्यासाचे आहे. ताणलेल्या चित्रात ते उंचीला सव्वादोन फूटच राहील आणि रुंदीला तीन फूट होईल. असा गोळा कोणत्याच तोफेतून सुटणार नाही. हाच न्याय मूर्तीला लागतो. श्रवणबेळगोळच्या सुमारे ५७ फूट उंच गोम्मटेश्वराचे सौंदर्य त्याच्या प्रमाणबद्धतेत आहे. शिल्पशास्त्रात प्रतिमेची अंगोपांगे तालमानाने ठरतात. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाची दृश्ये ताणून पाहिली तर खांदे एक तृतीयांशाने रुंद होतात, मुद्रा पसरट होते, आणि शिल्पकाराने जपलेले मान एका बटणाने मोडते.

पट्ट्या म्हणजे तोटा नव्हे

पाव पडदा रिकामा राहिल्याची खंत आकड्यांत तपासावी. ३२ इंची रुंद संचावर ४:३ चित्र खऱ्या मापाने दाखवले तर ते सुमारे २६ इंची संचाइतके पडते. म्हणजे पूर्वीच्या एकवीस इंची संचापेक्षा ते पुष्कळ मोठेच आहे. एलईडी संचावर या पट्ट्यांमुळे डाग पडण्याची भीतीही बाळगू नये. प्लाझ्मा किंवा ओएलईडी संचावर मात्र तेच चित्र रोज तासन्‌तास ठेवणे टाळावे.

एचडीचा खर्च कोणी करावा, याचाही हिशेब आहे. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतके बारकावे ओळखतो असे धरले, तर ३२ इंची पडद्यावरील १०८० रेषा वेगवेगळ्या दिसण्यासाठी सुमारे चार फुटांवर बसावे लागेल. ५५ इंचीसाठी हे अंतर सुमारे सात फूट येते. लहान संच आणि दहा-बारा फुटांवर बैठक असेल तर ७२० व १०८० यांतील फरक डोळ्याला जाणवणार नाही. साध्या वाहिनीचे चित्र दाबून पाठवलेले असल्याने एचडी त्याहून स्वच्छ दिसते हे खरे. तरी घरात नेमक्या कोणत्या वाहिन्या रोज पाहिल्या जातात ते लिहून काढावे आणि तेवढ्याच एचडीत घ्याव्यात. मोठ्या संचावर खेळ किंवा चित्रपट पाहणाऱ्या घराला ते मोल वसूल होते. ज्या घरात दिवसभर बातम्या व प्रवचनेच चालू असतात, त्याला साधी वाहिनीही पुरते.

कपाटातील फिती

या विषयाची सर्वांत नाजूक बाजू केबलशी निगडित नाही. व्यापारी कुटुंबांच्या कपाटांत १९८० व १९९० च्या दशकांतील लग्नांच्या, दुकानाच्या उद्घाटनांच्या, तीर्थयात्रांच्या व्हिडिओ कॅसेट आहेत. त्या सगळ्या ४:३ आहेत. आता त्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतल्या जातात, आणि पुष्कळदा उतरवणारा कारागीर पडदा भरावा म्हणून चित्र ताणूनच साठवतो. संचावरील ताण रिमोटने काढता येतो. फाइलमध्ये मुरलेला ताण काढणे सामान्य घराच्या आवाक्यातले नसते. शिवाय जुन्या फिती बुरशीने व काळाने खराब होत असतात. त्या दुसऱ्यांदा उतरवता येतीलच असे नाही.

म्हणून फिती देतानाच दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: मूळ ४:३ प्रमाण कायम ठेवावे आणि कडा कापू नयेत. काम परत घेताना तेथेच पाच मिनिटे पाहून घ्यावे. लग्नाच्या फितीत गोल वस्तूंना तोटा नसतो; ताट, कलश, कपाळावरचे कुंकू यांवरून माप लगेच कळते. ज्या आजोबांना नातवंडांनी कधी पाहिले नाही, त्यांचा चेहरा पुढच्या पिढीला या फितीतूनच ठाऊक होणार आहे. तो चेहरा होता तसाच, सडपातळ तर सडपातळ, त्यांच्यापर्यंत जावा. दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या ही त्यासाठी फार लहान किंमत आहे.

एवढे झाल्यावर बॉक्स व संच यांवर केलेल्या निवडी एका चिठ्ठीवर लिहून संचाच्या मागे चिकटवाव्यात. वीज गेल्यावर किंवा बॉक्स नव्याने सुरू केल्यावर काही बॉक्स मूळ पदावर जातात, आणि घरातील मुले नवी बटणे दाबून पाहतातच. चिठ्ठी असली म्हणजे पुन्हा शोध करावा लागत नाही. काट्यावरील शिक्क्यासारखी ती खूण तेथे राहू द्यावी, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत संच पुसताना, मोजपट्टी घेऊन एखादे गोल चित्र पुन्हा मोजून पाहावे.